सेकंदाला दोन फेरे

बाळाचा डोळा नुकता लागला होता. घर चिडीचूप. तेवढ्यात मधल्या खोलीतून शिवणयंत्राचा आवाज आला. खट्-खट्, खट्-खट्. सून धावत जाऊन बघते तर यंत्रापुढे सासरे बसलेले. सुईत दोरा नाही, खाली कापड नाही. नुसतं हँडल फिरतंय.

“बाबा, आत्ताच झोपलंय हो ते! आणि तुम्ही अजून तयार नाही? चारला सत्काराची गाडी येईल.”

“सांग त्यांना, म्हातारा आजारी आहे.”

“मघाशी दोनदा वाढून घेतलंत, आणि आजारी?”

एरवी ते खळखळून हसले असते. “नदीचा तुकडा दाखवणार आहेत ते,” एवढंच म्हणाले.

सिनेमातल्या त्या तुकड्याबद्दल ती लग्न होऊन आल्यापासून ऐकत होती. बोलपटाच्या आधीचा, मुका. पुरात वाहून जाणारी मुलगी. त्या दृश्यानं सासऱ्यांचं नाव झालं. पुढं तीस वर्षं कॅमेऱ्यामागं त्यांचाच शब्द अखेरचा. घरात मात्र नदीचं नाव निघालं की ते उठून जात.

“तेव्हा पडद्यावर यायला बाई मिळायची नाही,” ते सांगू लागले. “म्हणून मी माझ्या धाकट्या बहिणीला उभं केलं. हे यंत्र तिचंच. कॅमेऱ्याला तेव्हा मोटार कुठली? हातानं फिरवायचा. सेकंदाला दोन फेरे. हात जरा अडखळला की पडद्यावरची माणसं टुणटुण उडायची. म्हणून मी यावर सराव करायचा आणि ती शेजारी बसून मोजायची. ‘दादा, घाई केलीस!’ म्हणून माझाच कान धरायची.”

हँडल थांबलं.

“त्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात बुडायचं नाटक करायचं होतं. तिचा पाय निसटला. मला वाटलं, काय झकास करतेय पोरगी! मग कळलं. पण कळल्यावरसुद्धा, सूनबाई, हात फिरतच राहिला. बावीस फेरे.”

इस्त्री करून ठेवलेला त्यांचा कोट सुनेनं उचलला आणि कपाट उघडलं. “नका जाऊ. मी सांगते त्यांना काहीतरी.”

“एकदाही पाहिलं नाही मी ते,” सासरे म्हणाले. “पण तिचा साधा फोटोसुद्धा नाही गं कुठं. ती आहे ती तेवढीच. दे तो कोट.”

सभागृहात ते पहिल्या रांगेत बसले. शेजारी ती, मांडीवर बाळ, आणि तिच्या पलीकडे तिची थोरली, पाच वर्षांची ठमी, खुर्चीवर गुडघे टेकून. दिवे मालवले. पडद्यावर नदी आली आणि नदीत दोन वेण्यांची मुलगी. तिनं हात वर केला. मान वळवून थेट समोर पाहिलं. ओठ हलले. एकदा, पुन्हा एकदा. मग नुसतं पाणी.

मागं टाळ्यांचा कडकडाट झाला. सासरे पापणी न हलवता पाण्याकडे बघत होते.

ठमीनं तिची बाही ओढली.

“आई, ती कुणाला हाक मारत होती?”