ट्रेबल जरा कमी करा, मालक

मिक्सर अ‍ॅम्प्लिफायर बोलतोय मी. मिक्सर म्हटल्यावर स्वयंपाकघराकडे बघू नका; मी माणसांचे आवाज कालवतो. समोर नॉबची रांग, मागे वायरींचं शेपूट, आणि पाठीला एवढी ऊब की मांजरानं येऊन झोपावं.

कारखान्यातून निघालो तो थेट मालकांच्या घरी. मालक म्हणजे सभा-समारंभांना आवाज भाड्यानं देणारा माणूस. हाताला गुण होता. आधी माझे सगळे नॉब शून्यावर, मग वायरी, मग स्विच. स्पीकर माइकच्या पुढे, म्हणजे माझाच आवाज परत माइकात शिरून मी शिट्टी मारायला नको. बेस आणि ट्रेबल बरोबर मध्यावर. मग माइकचा नॉब असा हळूहळू फिरवायचे, जणू निजलेल्या बाळाचं पांघरूण सारखं करताहेत. मी इतका स्वच्छ बोलायचो की भाषण करणाऱ्यालाही स्वतःचं म्हणणं समजायचं.

माणसांच्या तऱ्हा तर विचारूच नका! कोणी माइकला टिचक्या मारतो, जणू मी झोपलोय. कोणी फुंकतो, जणू मी चूल. एक अध्यक्ष 'दोनच शब्द' म्हणून उभे राहिले की खुर्च्यांच्या पायांनाही मुंग्या यायच्या. मग मी हळूच एखादी खरखर सोडायचो. तेवढीच माझी चहाटळकी.

पुढे मालकांनी एक खोड धरली. ट्रेबल, म्हणजे आवाजाची धार, जरा वाढवायची. पुढच्या वेळी आणखी जरा. शेवटी नॉब टोकाला जाऊन टेकला. लोक कान झाकायचे, पोरं भोकाड पसरायची. सभागृहाचे व्यवस्थापक म्हणाले, "काका, सुया टोचतात हो. असंच चाललं तर आम्हाला दुसरा माणूस बघावा लागेल."

घरी येऊन मालक माझ्यावरच उखडले. "यंत्रच बिघडलंय. आवाज दबका येतो, म्हणून तर वाढवतो! उद्याचा कार्यक्रम झाला की हा भंगारात."



"उद्या मीही येते," मालकीणबाई म्हणाल्या. "बघू तरी कसा दबतो ते."

दुसऱ्या दिवशी मला मांडून, ट्रेबल टोकाला नेऊन, मालक पाठ फिरवून उरलेली वायर गुंडाळत बसले. बाईंनी कौतुकानं माइक उचलला आणि चालत चालत गेल्या नेमक्या स्पीकरसमोर. मी अशी बारीक, लांबलचक शिट्टी ठोकली की खुर्च्या लावणाऱ्यानं खुर्ची टाकून कान धरले. व्यवस्थापक दारातूनच मागे फिरले. बाईंनी एका कानात बोट घातलं, दुसरा खांद्यात खुपसला.

आणि मालक? शांतपणे वायर गुंडाळत होते. वर गुणगुणतही होते.

बाईंनी माइक बाजूला ठेवला, तशी शिट्टी थांबली. त्या जवळ आल्या. "अहो, शिट्टी वाजत होती."

"कधी?"

"आत्ता. तुमच्या पाठीमागे."

मालकांनी वळून पाहिलं. खुर्चीवाल्याचे हात अजून कानांवरच होते. मालकांच्या हातून वायर सुटली.

"म्हणजे हा नाही बिघडला," ते हळूच म्हणाले. "मग धंदा बंदच म्हणायचा."

"बंद कशाला? डोळ्यांना चष्मा लागला तेव्हा बंद केलात का? हात तुमचे, कान माझे. मी शेवटच्या रांगेत बसते. हात वर केला की वाढवा, खाली केला की कमी. जन्मभर माझं ऐकलं नाहीत, आता नुसतं बघा."

त्या दिवशी ट्रेबल पुन्हा मध्यावर आला. मालकांना आवाज दबकाच वाटत होता. दोनदा बोटं नॉबकडे गेली, दोनदा त्यांनी ती मागे घेतली. नजर शेवटच्या रांगेवर. तिथे बाई हात मांडीवर ठेवून निवांत ऐकत होत्या. एकाही माणसानं कान झाकला नाही. निघताना व्यवस्थापक म्हणाले, "काका, पुढचा कार्यक्रमही तुमच्याकडेच."

आता माझा रंग उडालाय, एका नॉबची टोपी पडलीय, पण भंगाराचं नाव कोणी काढत नाही. तुम्हाला एकच हात जोडून विनंती. शेवटच्या रांगेत या बाई दिसल्या तर त्यांच्याशी गप्पा मारू नका. बोलताना त्यांचे हात फार हलतात, आणि इकडे मालक माझे कान पिळून पिळून बेजार करतात!