कोहळा उचलायचा कुणी?

अरे ए, थुंकू नकोस माझ्या अंगावर! मी धावपट्टी बोलतेय. बेंगळूरूत के. आर. पुरमच्या पुढं, पत्र्याच्या कुंपणामागं हे भेगाळलेलं डांबर दिसतंय ना, ती मीच. एके काळी माझ्यावर विमानं उतरायची, आता तुमच्यासारखे टगे उतरतात.

तेव्हा बेंगळूरू माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं. छोटं गाव, आणि विमान चालवायला शिकवणारा एक छोटा क्लब. तिथला रघुनंदन माझा फार लाडका. मल्लेश्वरमच्या जुन्या मराठी घरातला. चाकं इतकी अलगद टेकवायचा, की मला कळायचंसुद्धा नाही.

त्याची थोरली बहीण कमलाक्का दर आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, कुंकू भरलेला कोहळा आणायची. विमानावरून ओवाळून धाडकन माझ्या तोंडावर फोडायची. फोडायला सगळे पुढं, उचलायला मात्र कुणी नाही! दृष्टीच्या कोहळ्याला हात लावला की ती दृष्ट आपल्याला लागते म्हणे.

एका वर्षी पूजा झाली आणि रघू विमान घेऊन वर गेला. इकडे एक गाय कोहळा खायला आली. हाकलली, परत आली.

"अक्का, फोडी उचलू का?" कुणीतरी विचारलं.

"शिवू नकोस! दृष्टीचं आहे ते."

रघू टेकला तेव्हा गाय कडेच्या गवतात होती. तो भरधाव येत असतानाच ती कोहळ्याकडे धावली. विमानाचा पंखा तिच्या पोटात घुसला, विमान उलटलं, पेटलं. रघू आत किंचाळत होता. कुणाला जवळ जाता आलं नाही.

क्लब बंद पडला. पुढं माझ्या जमिनीसाठी दोन टोळ्यांनी कोयते चालवले. मेलेल्यांचं रक्त कुणी धुतलं नाही, उन्हातच वाळलं. मग आली ही मोटरसायकलवाली पोरं. टोकापर्यंत जायचं, भन्नाट परत यायचं. त्यांच्यात रघूचा नातू मल्हार.

यंदाच्या आयुधपूजेला भर दुपारी पोरांनी माझ्या मधोमध कोहळा फोडला आणि गाड्या सोडल्या. मल्हार निघणार, तेवढ्यात रिक्षातून कमलाक्का उतरली. सत्तरीची बाई, पण पळत आली, खाली बसली आणि फोडी पदरात भरू लागली.

"अज्जी, सोड ते! दृष्टीचं आहे!"

"लागू दे मला! एकदा शिवले नाही, तर तुझा आजा इथं जळाला!"

मल्हारनं तिचा दंड धरून तिला खेचलं. तिनं त्याच्या हाताचा चावा घेतला. त्यानं ढकललं तशी ती कपाळावर आपटली, कुंकवात रक्त मिसळलं. तरी ती सरपटत शेवटच्या फोडीकडे निघाली. गाड्या परत येत होत्या.

"मरशील गं, अज्जी!" म्हणत मल्हारनं तिला उचलून बाजूला नेलं.

ती फोड तिथंच राहिली. सगळ्यात पुढं होता त्याचा जिवलग परसू. चाक फोडीवरून घसरलं. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. ते डोकं माझ्यावर फुटलं आणि पोरगं जागच्या जागी गेलं.

मग मल्हार रडत रडत वाकला. चिरडलेली ती फोड त्यानं हातांनी खरवडून काढली आणि अक्काच्या पदरात टाकली.

तेव्हा बाबांनो, फोडायचं तर फोडा. पण उचला रे. मेल्यांनो, उचलत जा!