कासवाच्या पोटावरचा शिक्का

‘कागद वाचवा’ प्रदर्शनासाठी शाळेने अकरा पानी सूचना पाठवल्या, तेव्हाच आईने कपाळावर हात मारला. रद्दी कमी पडली, म्हणून तिने त्याच सूचना खळीत बुडवून लेकीच्या प्रदर्शनासाठीच्या कागदी कासवाला चिकटवल्या.

प्रदर्शनाच्या दारात बाईंनी विचारलं, "प्रवेशअर्ज?"

आईने कासवाकडे पाहिलं. अर्ज म्हणजे अकरावं पान! काळजीपोटी तिने पहिल्याच दिवशी भरून ठेवलेलं.

"अर्जाशिवाय कासव आत जाणार नाही. तीन प्रती लागतात."

लेकीचे डोळे भरून आले. आईने कासव उताणं केलं. पोटावर अख्खा अर्ज होता, सहीसकट.

"ही एक प्रत, बाई. उरलेल्या दोन हव्या असतील तर आणखी दोन कासवं करावी लागतील."

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि कासवाच्या पोटावर धपकन शिक्का मारला.