अभिमनपुढची फुली

“आबांचा हात घट्ट धर,” मी अभिमनला म्हटलं. पुनाआबांच्या रक्ताची नळी भरली. “आता तुझा पुढे कर.”

“मना परत काबरं, लताबाई?”

काय सांगणार? नरडाण्याजवळच्या त्या गावातल्या एकाच घराण्याचे एक्केचाळीस जण मी महिनाभर पायपीट करून कागदावर मांडले होते. बाईला गोल, बाप्याला चौकोन, आजारी असेल तर आतून काळा. चाळिशी आली की या घराण्यात हातपाय आपोआप हलायला लागायचे, मग चालणं जायचं, मग बोलणं. मुंबईचे डॉक्टर सगळ्यांच्या रक्ताचे आकडे, आजाऱ्यांच्या मेंदूचे फोटो आणि माझा कागद कॉम्प्युटरला घालून आजार कुठल्या रेघेनं उतरतो ते शोधत होते. फोटोच्या वेळी पुनाआबांचं डोकं स्थिर राहीना, तेव्हा अभिमननंच ते दोन्ही हातांत धरून ठेवलं होतं.

आणि आता कॉम्प्युटरनं अभिमनच्याच नावापुढे फुली मारून पाठवली होती. पुनाआबा आणि मंजुळाबाई दोघंही ओ गटाची, त्यांचा एकुलता एक मुलगा मात्र बी गटाचा. असं होत नाही. ‘नळ्यांची अदलाबदल झाली का?’ असं खाली लिहिलेलं. माझं डोकंच फिरलं. एकवीस वर्षांच्या नर्सगिरीत नळीवरची चिठ्ठी कधी चुकली नव्हती माझी.

दुसऱ्यांदाही बीच निघाला. चूक माझी नव्हती म्हणून आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मनात नको ते आलं आणि माझीच मला लाज वाटली. पण हे कसं झालं, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. पुढच्याच मंगळवारी जाऊन बसले.

मंजुळाबाई ओट्यावर मिरच्यांची देठं खुडत होती. मी फुलीचं सांगितलं. तिनं मान वर केली नाही.

“कोन इचारस? ती मशीन?”

“हो.”

“तिले सांग, मना आंडोर शे.”

मुलगा माझा आहे, विषय संपला. मी पिशवी उचलली आणि निघता निघता बोलून गेले, “अभिमन लग्नाला नाही का म्हणतो, माहीत आहे? बाप आजारी असला तर मुलाला किती धोका, असं मला विचारत होता. डॉक्टर म्हणतात, निम्मा. तर म्हणाला, मग हे माझ्यापाशीच थांबू दे, पुढे कोणाला द्यायला नको.”

तिचे हात थांबले. “माले वाटे, त्याले पोरी पसंत नहीत.”

तिनं मिरच्या बाजूला सारल्या. मग हळू आवाजात म्हणाली, “मनी बहीण धुरपदा, धरणगावनी. बाळंतपणमाच गयी. आम्हीन तव्हय सुरतले गिरणीमा व्हतूत. तीन दिनना पोऱ्या मना ओटीमा उना. गावमा येवावर कोनले सांगं नही.”

“म्हणजे त्याला हा आजार व्हायचाच नाही, मंजुळाबाई. हा आजार तुमच्या मालकांच्या रक्तातून उतरतो.”

“ते समजनं माले. पन मी सांगं, ते मंग मी त्यानी माय रहसू का?”

तिनं पदरानं हात पुसले आणि म्हणाली, “बलाव त्याले.”

अभिमननं उभ्या उभ्याच सगळं ऐकून घेतलं. एवढंच विचारलं, “आबाले माहीत शे?”

“त्यासनीच आनं तुले, उचलीसन.”

तो आत गेला. दारातून दिसत होतं, त्यानं बशीत चहा ओतला आणि एका हातानं आबांची हनुवटी धरली.

मी कागद उघडला. मंजुळाबाईपासून अभिमनपर्यंतची रेघ खोडली आणि तिथे तुटक रेघ काढली. दत्तकाची खूण तीच असते.

“ही अशी काबरं?” तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि अक्षर न शिकलेल्या बोटांनी, दाबून दाबून, मधली एकेक जागा भरून टाकली. माझ्या कागदावर कोणी हात लावलेला मला खपत नाही. पण मी कागद तिच्या बाजूला धरून ठेवला.

मुंबईला तुटक रेघ कळवावीच लागणार होती, म्हणून मी दुसरा कागद काढला. तेवढ्यात आतून अभिमनचा आवाज आला.

“माय, आबाले अजून अर्धा कप चहा दे.”

पेन्सिल हातात तशीच घेऊन मंजुळाबाई आत गेली. मी कोरा कागद पुढ्यात घेऊन ती परत यायची वाट पाहत बसले.