दोरीमागची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि एका शिंप्याच्या दुकानात राहते. खुर्ची आपल्या आयुष्याबद्दल काय मोठं सांगणार, असं तुम्हाला वाटेल. खरं म्हणजे मलाही सांगायचं नव्हतं. त्यातली बरीच वर्षं आठवली की माझी मलाच लाज वाटते. पण मनात ठेवून ती कमी होत नाही, म्हणून सांगते.

माझा जन्म अगदी साधा. सुताराने या दुकानाचं दार केलं आणि उरलेल्या लाकडातून मला जुळवलं. पाठीकडचा एक सांधा त्याला नीट साधला नाही. "बसलं की जरा कुरकुरेल हो," तो ओशाळून म्हणाला. शिंपीमास्तरांच्या पत्नी, म्हणजे साऱ्या गल्लीच्या काकू, त्यांनी मला हलवून पाहिलं आणि त्या हसल्या. "कुरकुरू दे की! कोणी येऊन बसलं तर मला आत स्वयंपाकघरात कळेल."

काकूंची देवावर श्रद्धा होती, पण त्याबद्दल त्या फार बोलत नसत. देव एक दिवस आपल्या दारात येणार, एवढं मात्र त्या धरून होत्या. "तो काही सांगून येणार नाही," त्या म्हणायच्या, "आणि येईल तेव्हा चांगलाच दमलेला असेल." म्हणून त्यांनी मला दाराशी ठेवलं. पत्रं वाटून थकलेला पोस्टमन, माप द्यायला आलेली अवघडलेली बाई, पत्ता चुकलेला म्हातारा, जो दमलेला दिसेल त्याला माझ्यावर बसवलं जाई. मी कुरकुरले, की काकू पाण्याचा पेला घेऊन बाहेर. एकदा शेजारच्या लठ्ठ बोक्याने माझ्यावर उडी मारली, तरी त्या पेला घेऊन धावत आल्या. मास्तर हसून हसून बेजार झाले. काकूंनी शांतपणे बशी आणली आणि ते पाणी बोक्याला पाजलं.

मग एका आजारपणात काकू गेल्या. मास्तर पार खचले. काकूंची आठवण म्हणून त्यांनी मला पॉलिश केलं, माझ्यासाठी मखमलीची गादी शिवली, तिला सोनेरी काठ लावला आणि मला भिंतीशी एका उंच ओट्यावर नेऊन ठेवलं. "ही येणाऱ्याची खुर्ची," ते सगळ्यांना सांगू लागले. पोरंटोरं चढू नयेत म्हणून पुढे जाड दोरी बांधली. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी कारागीर आणि शेजारी बाकांवर दाटीवाटीने बसत आणि माझ्यासमोर प्रार्थना करत.

मास्तरांचं मन वाईट नव्हतं. पण माझं काय? मी शेफारले. रोज मऊ फडक्याने अंग पुसलं जाऊ लागल्यावर माझं नाक वर झालं. दमलेल्यांचा भार घेण्यासाठी आपण जन्मलो, हे मी साफ विसरले. अकरा वर्षं माझ्यावर कोणीही बसलं नाही, मित्रांनो, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

काकू गेल्या त्याच वर्षी दुकानात इस्त्रीवाल्या मावशी कामाला लागल्या. त्यांचं टेबल बरोबर माझ्यासमोर होतं. टेबल आणि त्यामागची भिंत यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी जागा. "इस्त्री काय, उभ्यानेच होते," असं सगळेच म्हणत. दुपारपर्यंत मावशींचे पाय सुजून चपलेचे पट्टे त्यांत रुतत. मी ते रोज पाहायची आणि माझा सोनेरी काठ न्याहाळत बसायची.

एकदा शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आलं. मावशी त्या दिवशी लवकर येऊन इस्त्रीला उभ्या राहिल्या होत्या. इकडे प्रार्थना सुरू झाली. सगळ्यांचे डोळे मिटलेले. "जो दमून आमच्या दारी येईल, त्याला आमच्याकडे जागा मिळो," मास्तर म्हणत होते. तेवढ्यात मावशींना गरगरलं. त्यांनी टेबल घट्ट धरलं, बाकांकडे पाहिलं. कुठे बोटभर जागा नव्हती. मग त्या दोरीखालून वाकून ओट्यावर आल्या आणि माझ्या काठावर अलगद टेकल्या.

मी कुरकुरले. आता खोटं कशाला बोलू? जेवढी कुरकुरायला हवी होती, त्याहून मोठ्याने कुरकुरले. सगळ्यांचे डोळे उघडले.

मास्तर ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "मावशी, अहो, ती येणाऱ्याची आहे. उठा बरं."

"चुकलं, मास्तर. जरा चक्कर आली म्हणून..." मावशी उठल्या. गादीवर पडलेली सुरकुती त्यांनी तळहाताने साफ केली आणि त्या पुन्हा टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. मास्तरांनी प्रार्थना राहिली होती तिथून पुढे सुरू केली.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या नाहीत. गणवेश तर द्यायचे होते, म्हणून मास्तर स्वतःच इस्त्रीला उभे राहिले. तासाभरात ते या पायावरून त्या पायावर होऊ लागले. दुपारी त्यांनी पाठीमागे भिंतीला अंग टेकलं, तर तिथला रंग कमरेएवढ्या उंचीवर घासून गेलेला. खाली पाहिलं, तर फरशीवर दोन पावलांएवढी जागा झिजून गुळगुळीत झालेली. मग त्यांनी मान वर केली. तिथून समोर फक्त मी दिसत होते, मखमलीची गादी मिरवत, रिकामी.

मास्तर माझ्याकडे बघतच राहिले. माझ्यावरून नजर हलेना त्यांची, आणि मला तोंड लपवायला जागा नव्हती. "रोज हेच बघत होत्या त्या," ते पुटपुटले आणि त्यांनी इस्त्री बंद केली.

तिसऱ्या दिवशी मावशी आल्या, तेव्हा दोरी कापलेली होती. मास्तरांनी टेबल हातभर पुढे सरकवलं होतं आणि मला मागे ठेवलं होतं. हातभर! अकरा वर्षांत ते कोणालाच सुचलं नव्हतं.

"बसा, मावशी."

"नको, मास्तर. ही येणाऱ्याची ना? तो आला तर कुठं बसेल?"

मास्तरांची मान वर होईना. "तो कधीचाच आलाय, मावशी. मीच त्याला अकरा वर्षं उभं ठेवलं."

"काहीतरीच तुमचं," मावशी म्हणाल्या. पण पाय ठणकत होते, म्हणून बसल्या. मी कुरकुरले. ती जुनी कुरकुर ऐकून मास्तर क्षणभर थबकले, मग आत गेले आणि पाण्याचा पेला घेऊन आले. "माझं चुकलं," एवढंच त्यांना म्हणता आलं.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी चांगली गोष्ट पुसूनपुसून, जपून, उंचावर ठेवलेली असेल. तिची दोरी सोडा. तिला खाली आणा, वापरा, झिजू द्या. मखमल फाटली तर फाटू दे. मी हे फार उशिरा शिकले. मावशी अजूनही माझ्या काठावरच बसतात, पाय जमिनीवर घट्ट रोवून, कोणी उठा म्हटलं तर पटकन उठता यावं म्हणून. आता कोणी तसं म्हणत नाही, तरीही. त्या एकदा तरी पाठ टेकून बसतील, याची मी रोज वाट पाहते.