हलव्याखाली पापलेट

"साहेब, चोर आम्ही नाही, तुम्ही. पोरांच्या हातात कुलूप दिलंत, किल्ली आपल्याकडे ठेवलीत, आणि आम्ही दुसरं दार पाडलं तर आम्हालाच घरफोडे म्हणता."

हे गौरजा सकाळपासून मनात घोळवत होती. चौकशीला शाळेत आलेल्या वरच्या ऑफिसातल्या साहेबांनी सोलकढीचा पहिला घोट घेतला आणि ते तिच्या तोंडून सुटलं. साहेबांना ठसका लागला.

मिठबावच्या किनाऱ्यावरच्या त्या शाळेत गौरजा संगणक शिकवायची. २००४ साली वरून संगणक आले, सोबत एका कंपनीचं शिकवणीचं पॅकेज आणि बोटाएवढ्या चाव्या. चावी संगणकाच्या पाठीत खुपसली तरच पॅकेज उघडायचं. त्यात माशांचा एक धडा होता. चित्र होतं काळ्या हलव्याचं, खाली लिहिलं होतं 'पापलेट'.

पोरं सगळी होडीवाल्यांच्या घरची. पहिल्याच दिवशी बाकांवर लोळून हसली. सातवीतली दिव्या म्हणाली, "बाई, ह्या पापलेट उन्हात करपला काय?"

गौरजाने कंपनीला फोन केला. तिकडचा माणूस म्हणाला, "पुढच्या आवृत्तीत बघू." ती म्हणाली, "एक शब्द आहे, मीच बदलते." तो म्हणाला, "तुम्हाला आत जायची परवानगी नाही, मॅडम."

मग पॅकेजातली चाचणी आली. दिव्याने 'हलवा' लिहिलं, यंत्राने तिला शून्य दिलं. पुढच्या खेपेला पोरं शहाणी झाली. गुणांसाठी हलव्याला पापलेट म्हणू लागली. घरी रोज ज्या माशाचं कालवण खातात, त्याचं नाव शाळेत येऊन विसरायला शिकली. गौरजाचं डोकं फिरलं ते त्या दिवशी.

खाऱ्या हवेने यथावकाश चाव्या खाल्ल्या. हिरवा गंज चढला, पॅकेज उघडेना. कंपनी म्हणाली, चावी सुटी मिळत नाही, सगळं नव्याने घ्या. शिमग्यापासून गणपतीपर्यंत संगणक फडकी पांघरून बसले. शेवटी गौरजा कुडाळला गेली आणि तिथल्या मित्राकडून लिनक्स नावाच्या संगणक प्रणालीची सीडी घेऊन आली. ते कोणीही वापरावं, वाटावं, उघडून बघावं, चुकलं असेल तर सुधारून पुढच्याला द्यावं, असं चालणारं. त्यातल्या चित्र ओळखायच्या खेळात पोरांनी आपले मासे घातले. एकाने कर्लीला मुडदुशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी दिव्याने ते सुधारलं, आणि तो दिवसभर तिच्याशी बोलला नाही. बस, एवढंच नुकसान.

साहेबांना ते पटत नव्हतं. "फुकट मिळालं म्हणता. फुकटचं म्हणजे चोरीचं. आणि उद्या बिघडलं तर मी कोणाला धरू? मालक कोण याचा?"

शाळा समितीचा अध्यक्ष भाई दाराला टेकून उभा होता. गावच्या रापणीचा तो म्होरक्या. रापण म्हणजे आख्ख्या वाडीने मिळून किनाऱ्यावर ओढायचं लांबच लांब जाळं. तो शांतपणे म्हणाला, "सायबानू, आमच्या रापणीचो मालक कोण, सांगा बघू."

"मला काय माहीत?"

"जो वडता तो. आणि फाटला तर जेच्या नजरेक पडला तो शिवूक बसता. आज्याच्या काळापासून चलला हा. अजून कोणाक धरूची पाळी येवक नाय."

"इथे मासेमारी चाललेली नाही." साहेब गौरजाकडे वळले. "ते लिनक्स आत्ता पुसा. नाहीतर यंत्रं उचलतो."

"पुसणार नाही," गौरजा म्हणाली. "उचला."

साहेबांसोबत आलेल्या शिपायांनी संगणक उचलून जीपमध्ये भरले. पोरं रिकाम्या टेबलांकडे बघत राहिली. टेबलांवर धुळीचे चौकोन तेवढे उरले.

जीप निघाली. वाडीतल्या अरुंद पाणंदीतून यायला ड्रायव्हरला आधीच त्रास झाला होता, म्हणून त्याने गाडी किनाऱ्याच्या वाळूत, पुळणीवर घातली. भाई ओरडून सांगत होता, "थंय मऊ आसा रे." ड्रायव्हरने हात हलवला, त्याला वाटलं निरोप देतायत. शंभर हातांवर मागची चाकं वाळूत बसली. जेवढा जोर लावला तेवढी खाली गेली. आणि भरती सुरू झाली होती.

रापणकार आले, मागोमाग गौरजा आणि पोरं. जाड दोर जीपच्या पुढे बांधला, दोन्ही बाजूंनी माणसं उभी राहिली. पण ओढलं कोणीच नाही.

"ओढा ना," साहेब म्हणाले. त्यांचे बूट भिजले होते.

"वडतलव," भाई म्हणाला. "पण आमची रीत आसा. दोरीक हात लागलो की वाटो लागता."

साहेबांनी खिशात हात घातला. "बोला, किती?"

"पैसो ठेवा तुमच्याकडे. आजचो वाटो गौरजा सांगतली. बोल गो."

गौरजा पुढे आली. "जाळ्यातलं आधी पुळणीवर उतरतं, साहेब. संगणक उतरवा."

"ही दमदाटी आहे."

"दमदाटी कसली? दोर तुमच्या गाडीला आहे, तुमच्या गळ्याला नाही. नको असेल तर सोडतो."

लाट मागच्या चाकापर्यंत येऊन गेली. साहेबांनी शिपायांना मानेने खूण केली. संगणक एकेक करून पोरांच्या हातांत उतरले. माणसांनी दोर पेलला, पाय वाळूत रोवले. साहेबांनी सुटकेचा श्वास घेतला.

"अजून झालं नाही," गौरजा म्हणाली. तिने बघायला जमलेल्या बायकांतल्या दिव्याच्या आईच्या पाटीतून एक मासा उचलला आणि साहेबांच्या समोर धरला. काळसर, रुंद, ताजा. "हा हलवा. तुमच्या पॅकेजात हा पापलेट आहे. ह्या मुलीने खरं लिहिलं तर तिला शून्य मिळालं. तीन वर्षं आम्ही सांगतोय, तीन वर्षं तुम्ही कुलूप दाखवताय. ते शून्य कोणी दिलं, आणि ते खोडायचा हक्क आम्हाला का नाही?"

दोर सैलच होता. पुढची लाट येत होती.

"बोला, साहेब. उत्तर द्या."