टोपीतली बक्षिसी आणि लोणारचा भोंगा

मी एक जुना पितळी भोंगा आहे, मित्रांनो. मोटारीवरचा. सध्या लोणारच्या सरोवराच्या काठावर, एका लिंबाच्या फांदीला तोंड वर करून टांगलेला असतो. जुन्या वस्तू मनाने मोठ्या असतात, सगळ्यांना क्षमा करतात, असे तुम्ही ऐकले असेल. ते माझे नव्हे. मी डूख धरणारा आहे.

खामगावच्या एका तांबटाने मला घडवले. लांब गळा, पसरट तोंड आणि मागे काळा रबरी फुगा. निवृत्ती ड्रायव्हरने मला स्वतःच्या पगारातून विकत घेतले आणि वामनरावांच्या जीपला बसवले. महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते, लोकांना आपला मुलूख बघायची हौस सुटली होती. वामनराव त्यांच्यासाठी खामगावहून लोणारच्या सहली काढत.

काठावर शेषराव उभा असे. तो माणसांना खाली खोलात नेई, देवळे दाखवी, म्हाताऱ्यांना हात देई. त्याच्या वहाणांचे तळवे इतके झिजले होते की खडा कोणता आणि काटा कोणता हे त्याला पायानेच कळे. बक्षिसी मिळाली की नव्या वहाणा, असे तो प्रत्येक सहलीला म्हणे. आणि प्रत्येक सहल हात हलवत निघून जाई.

"खामगावचे लोक लय चिकट बे," तो निवृत्तीला म्हणे.

"रोडगे खातेत पोटभर, अन् जाताना तोंड फिरवतेत," निवृत्ती म्हणे.

मग दोघे सूड काढत. निवृत्ती गाडी नेमकी खड्ड्यातून घाली. शेषराव चांगली पायवाट सोडून बोरीच्या काट्यांतून वर आणी. मीही बायकांच्या कानाशी जोरात ओरडे. आम्हांला वाटे, बरी खोड मोडली!

वामनरावांची एक रीत होती. खाली देवळाच्या ओट्यावर जेवण झाले की ते तिथेच आडवे होत. शेषराव मंडळींना वर आणी. सगळे वर आले की निवृत्ती मला तीनदा वाजवी. खोलातून माझा आवाज घुमला की वामनराव उठत आणि सावकाश वर येत. माझ्या हाकेशिवाय ते कूस बदलत नसत.

एका सहलीला मनकर्णाबाई नावाच्या म्हातारबाई आल्या होत्या. काट्यांतून वर आल्या तेव्हा लुगडे फाटलेले, हाताला ओरखडे.

"काऊन रे शेषराव," त्या धापा टाकत म्हणाल्या, "माह्या रुपयात चांगली वाट येत नव्हती काय?"

"कोणता रुपया, माय?"

"वा रे वा! आताच तं टाकला वामनरावच्या टोपीत, तू तिकडं भांडे घासत होता तवा. तुह्या अन् या ड्रायव्हरच्या नावानं. मांगच्या साली बी टाकला होता."

"वामनरावच म्हणे, त्यायच्या हातात देऊ नका," मागून सहलीतले महादेवराव म्हणाले, "सवय बिघडते. मी देतो बराबर."

निवृत्तीचा हात माझ्या फुग्यावर होता. दाबणार, तोच थांबला. शेषरावने खाली देवळाकडे, मग मनकर्णाबाईंच्या ओरखड्यांकडे पाहिले. इतके दिवस काटे कोणाला टोचत होते आणि टोचायला कोणाला हवे होते, ते त्याच्या तोंडावर लिहिलेले मला दिसले.

"वाजवू काय?" निवृत्तीने विचारले.

"वाजवशील तं याद राख," मनकर्णाबाई गाडीत चढत म्हणाल्या. "झोपू दे त्याले. दमला असंन बिचारा, टोपी उचलून उचलून."

गाडी निघाली. मित्रांनो, त्या दिवशी मी एकदाही वाजलो नाही. आयुष्यात इतका गोड गप्प मी कधी बसलो नव्हतो! वामनराव अंधार पडताना जागे झाले आणि काट्यांतून एकटेच वर आले. गाडीच्या जागी चाकांच्या खुणा होत्या.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने खामगावला पोचताच त्यांनी निवृत्तीला कामावरून काढले आणि चाकूने माझा फुगा फाडला. मी मुका झालो. निवृत्तीने मला सोडवून घेतले. "भोंगा माहा आहे," एवढेच तो बोलला. पुढे त्याला डोणगावच्या किसनरावांची जीप मिळाली आणि तो पुन्हा लोणारला सहली आणू लागला.

माझ्या गळ्याचे खालचे भोक त्याने लाकडी खुंटीने बंद केले आणि शेषरावने मला या लिंबाला टांगले. तेव्हापासून बक्षिसी माझ्या तोंडात पडते, दोघांच्या डोळ्यांदेखत. नाणे पडले की मी खणखणतो. शेषरावच्या नव्या वहाणा करकरतात. मला दोन्ही आवाज आवडतात.

काही वर्षांनी वामनराव आले, नव्या जावयाला सरोवर दाखवायला. जावई म्हणाला, "मामा, बक्षिसी मी देतो."

"छे! आमची जुनी माणसं आहेत," म्हणत वामनरावांनी ऐटीत आठ आणे माझ्या तोंडात टाकले.

खुंटी घट्ट होती, मित्रांनो. मीच ती सोडली.

नाणे गळ्यातून सरळ खाली आले आणि शेषरावच्या वहाणेशी पडले.

"घेत नाही जी हा भोंगा तुमचं," शेषराव शांतपणे म्हणाला. "उचला."

जावई बघत होता, आणि वामनरावांना त्या वहाणांपर्यंत वाकावे लागले.

तुम्ही सहलीला जाल, तेव्हा बक्षिसी देणाऱ्याच्या हातून घेणाऱ्याच्या हातात जाऊ द्या, मधल्या टोपीत नको. आणि भोंग्याचा फुगा कधी फाडू नका. आवाज गेला तरी आमचे तोंड उघडेच राहते.